दामले मॅडमचं कोमट पाणी

दामले मॅडमना गार पाण्याचा राग होता. स्वतःचा चहा गार झाला तरी कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या राहून त्या तसाच पिऊन टाकायच्या. जेवणाचा डबा कधी वेळेवर उघडला नाही, त्याबद्दलही कुरकुर नसायची. पण लहान मुलांना पुसायच्या स्टीलच्या टोपातलं पाणी गार निघालं, की चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायच्या. "शोभाबाई, हे पाणी आहे की शिक्षा?"

त्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टर, मी तिथली आया; त्या टोपाची जबाबदारी माझ्याकडे होती. हॉस्पिटल ट्रस्टचं, सातारा रस्त्याला, मार्केट यार्डापासून फार लांब नाही. माझं माहेर यवतमाळकडचं, दारव्ह्याच्या पुढे. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढे लग्न झालं, नवऱ्याला मार्केट यार्डात एका गाळ्यावर काम लागलं म्हणून पुण्याला आलो. गाव इतकं लांब, की तिकडे कुणाचं बरंवाईट झालं तर निरोप येऊन मी पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असायचं. त्यामुळे माझ्या पोटात कायम एक गोळा. नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता जाईल. तर त्याच्या जोडीला नोकरी सुटण्याचा गोळा आला. मॅडमच्या ते पहिल्या दिवशीच लक्षात आलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही जी. भेव वाटते."

"कशाचं?"

"सगळ्याचंच जी."

"बरं. मग एकदा पोटभर घाबरून घ्या आणि या. तोवर मी या गृहस्थांची हनुवटी शिवते."

मॅडम बुटक्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, वरून पांढरा कोट, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. एका मोपेडवरून यायच्या आणि हेल्मेट घालायच्या. सगळं पुणं हेल्मेटच्या नावाने बोटं मोडत होतं तेव्हा घालायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "मी रोज डोकी शिवते. आतून कशी दिसतात ते मला विचारा."

त्यांनी मला पहिलं शिकवलं ते पाणी तापवायला. मी बोट बुडवून बघितलं आणि म्हटलं, झालं जी.

"बोटांवर विश्वास ठेवू नका. भांडी घासून घासून त्यांना काही कळेनासं झालेलं असतं. कोपर बुडवा. कोपराचं अजून लग्न झालेलं नाही."

मी कोपर बुडवलं. पाणी चांगलंच कढत होतं.

त्यांचा नियम असा होता. कॅज्युअल्टीत कुठलंही लहान मूल आलं, मग ते पडलेलं असो, कुत्रा चावलेलं असो, ताप असो की नाकात शेंगदाणा गेलेला असो, जिवावरचं काही नसेल तर आधी पडद्याआड नेऊन त्याला कोमट पाण्याने डोक्यापासून तळपायापर्यंत पुसून घ्यायचं. सगळे कपडे काढून, मोजेसुद्धा. कानामागे, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. हमालाचं पोर असो की बंगल्यातलं, मॅडमची बहीण भाचीला घेऊन आली तरी पडद्याआड. सगळे याला 'दामलेबाईंचं अभ्यंगस्नान' म्हणायचे. ब्रदर लोक दिवाळीत मला विचारायचे, "मावशी, उटणं आणलं का?"

मलाही बरेच दिवस वाटायचं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. एकदा गर्दी ओसरल्यावर मी धीर करून विचारलंच. "मॅडम, पोराच्या डोक्याले खोक पडली, त्याचे पाय काऊन पुसाचे?"

त्यांनी स्टूल ओढलं. मॅडम स्टुलावर बसल्या म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असायचं.

"शोभाबाई, तुमचं पोर पडतं तेव्हा त्याला कुठे लागतं?"

"गुडघ्याले. कोपराले. कपायाले."

"बरोबर. जिथे हाड पुढे असतं तिथे. कानामागे लागेल असं कुणी पडत नाही. दंडाच्या आतल्या बाजूवर कुणी पडत नाही. पाठीवर चपटे वळ उमटतील असं पडायला सर्कशीत नाव घालावं लागतं. आणि जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळंनिळं दिसलं, तर बाळाने काय केलं हे विचारण्यात अर्थ नाही. बाळ काही करत नसतं."

मला कळलं.

"मग सरळ कपडे काढा म्हणाव ना जी."

"कपडे काढा म्हटलं की आईबाप विचारतात, का? पुसून घेऊ म्हटलं की म्हणतात, हो हो, घ्या. आपल्या लोकांना संशय आवडत नाही, स्वच्छता आवडते. करत नसले तरी आवडते."

मग मला नियम दिले. हात थांबवायचा नाही. 'अगं बाई' म्हणायचं नाही. कुणी केलं असं मुलाला विचारायचं नाही, ते मॅडमचं काम. गप्पा मारत पुसत राहायचं. आणि काही दिसलं तर साध्या आवाजात हाक मारायची, "मॅडम, पाणी गार झालं." बाहेर बसलेल्यांना त्यात वावगं वाटणार नाही. मॅडम मात्र हातातलं काम टाकून येतील.

आणि खरंच यायच्या. बहुतेक वेळा पाणी कोमटच असायचं. महिनेच्या महिने मी गुडघे आणि कपाळं पुसली. पण मी तो टोप उचलला की एकदा त्यांची नजर माझ्याकडे यायचीच.

मुलांशी बोलायची त्यांची तऱ्हाही निराळी होती. मोठ्यांना त्या कुणाला सोडायच्या नाहीत, पण मुलांना अहोजाहो करायच्या. तीन वर्षांच्या, शेंबूड वाहणाऱ्या पोरासमोर खाली बसून विचारायच्या, "काय बाळासाहेब, आपण कुठून पडलात?" बाळासाहेब आधी इकडेतिकडे बघायचे, मॅडम कुणाशी बोलतात म्हणून. मग हसायचे. "माकडासारखा चढलो," असं काहीतरी सांगून टाकायचे. पण क्वचित एखादं मूल हसायचं नाही. उत्तर द्यायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. तसं झालं की मॅडम आणखी हळू बोलायच्या आणि मला म्हणायच्या, "पाणी आणता का, शोभाबाई?"

दर नव्या तुकडीच्या शिकाऊ डॉक्टरांना त्या स्वतःची एक चूक सांगायच्या. मी ती इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. तेव्हा त्या नवीन होत्या. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. टाय लावलेला, बोलणं गोड, इंग्रजी उत्तम. मुलगा पाच-सहा वर्षांचा, कपाळावर खोक. शर्ट पांढराशुभ्र, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं. मॅडमनी टाके घातले, गोळी दिली, पाठीवर थाप मारली तर मुलगा दचकला. "मी समजले, लाजाळू आहे. शर्ट मळेल म्हणून मी तो काढलाही नाही. त्याच दिवशी मार्केट यार्डातल्या एका हमालाच्या पोराला मात्र मी उलटंसुलटं करून तपासलं, त्याच्या बापाला दहा प्रश्न विचारले. त्या पोराला फक्त खरूज होती." पुढे तो इस्त्रीवाला मुलगा दुसऱ्या हॉस्पिटलात गेला. तिथल्या डॉक्टरांनी शर्ट काढला. "तो वाचला. आता मावशीकडे असतो, शिकतोय. पण माझ्यामुळे वाचला नाही. तो माझ्या हाताखालून तसाच गेला होता."

मग म्हणायच्या, "म्हणून सगळे. निवडायचं नाही. आपण निवडायला लागलो की गरीब निवडतो. आता चहा प्या, गार झाला असेल."

त्या तुकड्यांतल्या एकाचं नाव पराग. उंच, काटकुळा, आवाज मोठा. कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आला होता आणि त्याला जिथे तिथे छळ दिसू लागला होता. पोरगं रडलं की त्याला संशय, रडलं नाही की जास्त संशय. एके दिवशी सकाळी बांधकामावरची एक बाई आली. हिंजवडीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथल्या पालांवर राहणारी, आमच्याच बाजूची, वाशीमकडची. कडेवर बाळ, खोकून बेजार. मी पुसायला घेतलं तर बाळाच्या छातीवर आणि बेंबीभोवती काळे गोल डाग, कातडी सोललेली. मी हाक मारायच्या आतच पराग ओरडला, "मॅडम! सिगारेट! सिगारेटचे चटके!" आणि पळत जाऊन आवारातल्या चौकीतून हवालदाराला घेऊनही आला.

बाईने बाळ असं घट्ट धरलं की ते खोकायचंही थांबलं.

मॅडम आल्या. हवालदाराला म्हणाल्या, "बसा, चहा घ्या. आमच्या डॉक्टरांचा आवाज मोठा आहे, तब्येत चांगली आहे त्यांची." मग बाईसमोर खाली बसल्या. डाग नीट पाहिले. "काय लावलंत हो याला?"

बाईने बाळावर पदर ओढला. मॅडमनी मान वळवली. "शोभाबाई, तुमच्याकडचं आहे का हे काही?"

"बिब्बा असंन जी. खोकल्याले लावतात." मला तर तो वासच ओळखीचा होता. आमच्याकडे घरोघरी बिब्बा. माझ्या पोटावरही त्याची खूण आहे, आईने लावलेली.

"सासूनं लावला," बाई आता रडत बोलली. "लेकरू रातभर झोपत नव्हतं. दवाखान्यात यायचं म्हणलं तर मुकादम सोडंना."

मॅडमनी बाळाची छाती तपासली, औषध दिलं, डागांना मलम लावायला मला सांगितलं. मग म्हणाल्या, "आता त्यांना तुमच्या भाषेत सांगा. मी सांगितलं तर शहाणपणा वाटेल."

मी सांगितलं, "माय, बिब्ब्यानं लेकराचं कातडं जयते. त्याचं कवळं असते. खोकला आला का इकडंच घेऊन ये." बाईने मान हलवली. मॅडमनी कागदावर चार ओळी लिहून मुकादमाला पाठवल्या. काय लिहिलं होतं कुणास ठाऊक, पण पुढच्या वेळी मुकादम स्वतः तिला रिक्षाने घेऊन आला.

पराग कोपऱ्यात उभा होता, कान लाल. त्याला वाटलं आता आपलं काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही बघितलंत त्याचे पूर्ण मार्क. बघून ओरडलात त्याचे कापले. आणि एक सांगते. जखम ही जखमच आहे, कुणी मायेने केली तरी. पण एकीला शिकवायचं असतं आणि दुसऱ्याला थांबवायचं असतं. कुठलं कोण हे ठरेपर्यंत आवाज खाली." मग हवालदाराच्या रिकाम्या कपाकडे बोट करून म्हणाल्या, "हा चहा तुमच्याकडे."

त्यानंतरच्या वर्षांत आमचं हॉस्पिटल बदललं. दाराला काच आली, ती आपोआप उघडायची. खुर्च्यांवर मऊ गाद्या आल्या. कंपन्यांशी करार झाले आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं यायला लागली. त्यांना रांग म्हणजे काय हे माहीत नव्हतं. नवे मॅनेजर आले, ते पेशंटला 'क्लायंट' म्हणायचे. त्यांच्याकडे तक्रार गेली. कुणा साहेबांच्या मुलाला नुसतं खरचटलं होतं, तर आयाने त्याला 'झोपडपट्टीतल्या मुलासारखं' पुसलं म्हणे. ती आया मी.

मॅडमबरोबर मलाही वर बोलावलं होतं.

"मॅडम, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही," मॅनेजर म्हणाले, "पण लोकांच्या अपेक्षा बदलल्यात. आम्हाला ही प्रथा बंद करावी लागेल."

"बंद नका करू," मॅडम म्हणाल्या. "बिल लावा."

"म्हणजे?"

"आत्ता फुकट आहे, म्हणून अपमान वाटतो. इंग्रजी नाव द्या, पत्रकात छापा, बिल लावा. मग मागून घेतील."

मॅनेजर हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मीही तेच समजले. पण मॅडम हसल्या नाहीत. खाली येताना जिन्यात मला म्हणाल्या, "घाबरलात?"

"हो जी."

"मी पण. ती प्रथा बंद झाली तर एखादं इस्त्रीचं पोर पुन्हा हाताखालून जाईल. मला तेवढंच भेव आहे." 'भेव' हा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता.

आणि पत्रक खरोखर छापलं गेलं. चकचकीत कागद, हसणारं बाळ, 'चाइल्ड कम्फर्ट केअर'. बिल मात्र मॅडमनी लावू दिलं नाही. हळूहळू गळ्यात पट्टेवाले आईबाप स्वतः विचारायला लागले, "ते कम्फर्ट केअर करता ना इथे?" मी टोप घेऊन जायची. तोच टोप, तेच पाणी.

अशाच एका दुपारी गार्गी आली. चारेक वर्षांची असेल. हात मोडलेला. आई तिला धरून होती आणि बोलत होते ते वडील. सोफ्यावरून पडली, सोफा उंच आहे, इटालियन आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. मॅडम गार्गीपुढे खाली बसल्या. "गार्गीताई, आपण सोफ्यावर काय करत होतात?"

गार्गीने वडिलांच्या तोंडाकडे बघितलं.

मॅडमनी हाताला आधार बांधला, दुखणं थांबायचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "एक्स-रेला वेळ आहे. तेवढ्यात कम्फर्ट केअर. आई चालतील आत, बाबांनी कृपया अर्ज भरावा." अर्ज लांबलचक होता. तो मॅडमनीच लांब करून घेतला होता.

मी मोडका हात जपून, दुसऱ्या बाजूने पुसायला घेतलं. आमच्या गावच्या बैलाची गोष्ट सांगत होते. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे ठसे, पिवळे पडलेले. कानामागे एक, ताजा, जांभळा. हात थांबवायचा नाही. मी बैलाला नदीवर नेलं, पाणी पाजलं. मग हाक मारली, "मॅडम, पाणी गार झालं."

आवाज माझा साधा लागला नसावा, कारण गार्गीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदम म्हणाली, "मावशी, हे डाग जातील ना हो?"

मॅडम पडद्याआड आल्या होत्या. त्यांनी कोण, का, केव्हा काही विचारलं नाही. स्टूल ओढून त्या आईसमोर बसल्या. "डाग जातील," म्हणाल्या. "पण मी तिला आज घरी पाठवणार नाही. हे मला कायद्याने कळवावं लागतं आणि मी कळवणार आहे. तुम्ही तिच्याजवळ राहा. बोलावंसं वाटलं तर मी इथेच आहे. नाही वाटलं तरी इथेच आहे."

बाहेर आरडाओरडा झाला. वडील म्हणाले, कुणा अडाणी बाईच्या सांगण्यावरून तुम्ही माझ्यावर आरोप करता? मी कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का?

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. "केसपेपरवर लिहिलंय. वडील."

"मी ट्रस्टींशी बोलेन!"

"अवश्य. आणि आमच्या आयाबाईंनी काही पाहिलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे बोटही केलं नाही. "मी पाहिलंय. माझी सही आहे."

मी पडद्यामागे उभी होते, हातात टोप. मॅडमनी मला त्या माणसासमोर येऊच दिलं नाही. आजही त्या 'माझी सही आहे'ने माझ्या पोटातला अर्धा गोळा विरघळतो.

गार्गीला वरच्या वॉर्डात ठेवलं. चार वाजायच्या सुमाराला मी तिला लापशी भरवत होते, तेव्हा तिची आई बोलायला लागली. नवऱ्याला घरी परदेशातले फोन असतात. त्या वेळी आवाज झालेला चालत नाही. गार्गी गाणं म्हणते. "आधी नुसता ओरडायचा. मला वाटायचं, कामाचा ताण आहे, कमी होईल. मीही नोकरी करते, मला कळतं ताण म्हणजे काय." मी मॅडमना बोलावलं. त्यांनी समाजसेविका बाईंनाही बोलावलं. मग त्या तिघी खूप वेळ बोलत बसल्या आणि गार्गी माझ्या मांडीवर झोपली.

मायलेकी साताऱ्याला आजोळी गेल्या. केस झाली, बालकल्याण समितीपुढे जाणं झालं, वडिलांना उपचारांना पाठवलं. त्यांचं पुढे काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. पण वर्षभराने गार्गीची आई मुद्दाम भेटायला आली. गार्गी आमच्या काचेच्या दारातून आतबाहेर करत होती, दार उघडलं की किंचाळत होती, बंद झालं की किंचाळत होती. सगळी कॅज्युअल्टी तिच्याकडे बघत होती.

"सॉरी हं, मॅडम," आई ओशाळून म्हणाली. "हल्ली फार आवाज करते."

"करू दे," मॅडम म्हणाल्या. "गार्गीताई, आपला आवाज वरच्या मजल्यावर पोचत नाहीये. तिथे मॅनेजर बसतात."

त्या दिवशी मॅडमनी चहा गरम असताना प्यायला. मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे त्यांची निवृत्ती जवळ आली. शेवटच्या महिन्यात त्या जरा चिडचिड्या झाल्या होत्या. एकदा टोपाकडे बघून म्हणाल्या, "मी गेले की हा कुंडीखाली जाईल बघा. तुळशीचं पाणी झिरपायला बरा आहे."

"नाही जी. मी आहे ना."

"तुम्ही आहात. पण पाणी आणा म्हणणारं कोणी हवं ना."

नवे डॉक्टर हुशार होते, पण घाईत होते. पराग मोठं शिक्षण संपवून आमच्याकडेच अधिकारी म्हणून परत आला होता. आवाज खाली आला होता, कामही चांगलं होतं. पण मॅडम समोर असल्यामुळे पाणी मागायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

निरोपाचा समारंभ वरच्या सभागृहात, दुपारी झाला. ट्रस्टी, फुलं, शाल, श्रीफळ. सगळ्यांची भाषणं झाल्यावर मॅडम उठल्या. "माझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी माझी रजा इतक्यांदा नाकारली गेली नसती," एवढंच बोलून बसल्या.

माझी ड्यूटी होती म्हणून मी मागच्या दाराशी उभी राहून ऐकलं आणि खाली पळाले. खाली एक तरुण बाप छोट्या मुलाला घेऊन आला होता. कात्रजला दूधगाडीवर काम करणारा, अंगाला अजून दुधाचा वास. पोरगं सायकलवरून पडलेलं, भिजलेलं, चिखलात बरबटलेलं, दात वाजत होते. हनुवटीतून रक्त येत होतं. मी परागकडे बघितलं.

परागने हनुवटीवर कापूस दाबून धरला. गुडघे टेकून खाली बसला. "काय सरदार," तो म्हणाला, "आपण ब्रेक नावाची गोष्ट ऐकली आहे का?" पोरगं रडता रडता हसलं. आणि मग परागने मान वर न करता म्हटलं, "मावशी, पाणी आणता का?"

मी टोप उचलला. कोपर बुडवलं. पडद्याआड पुसायला घेतलं. गुडघा, नडगी, कोपर, तळहात, चिखल. कान स्वच्छ. पाठ स्वच्छ. बापाची करंगळी त्याच्या मुठीत, त्याने ती शेवटपर्यंत सोडली नाही.

पडद्याबाहेर पावलं वाजली. मी ओळखली. मॅडम जिन्यावरून खाली आल्या होत्या, घरी जायला. आत आल्या नाहीत. बाहेरूनच विचारलं, "शोभाबाई, पाणी कसं आहे?"

"कोमट आहे जी," मी म्हटलं. "एकदम कोमट."

मग पडदा थोडा सरकला आणि त्यांचा हात आत आला, शाल धरलेला. "टॉवेल ओला झाला असेल. गुंडाळा त्यांना."

भरजरी काठाची शाल होती. मी पोराला त्यात गुंडाळलं तर ते नवरदेवासारखं दिसायला लागलं. बाप घाबरला, शाल काढून हातात घेऊन मॅडमच्या मागे काचेच्या दारापर्यंत पळाला. "मॅडम, शाल! शाल राहिली तुमची!"

"राहू द्या हो," मॅडम वळल्याही नाहीत. "पुण्यात शालींना तोटा नाही. त्यांना थंडी वाजतेय, आधी त्यांना पांघरा."

मी दारात गेले. त्यांनी नारळ मोपेडच्या पुढच्या बास्केटमध्ये ठेवला, हेल्मेट घातलं, पट्टा ओढून बघितला. पहिल्या खेपेला गाडी सुरू झाली नाही, तिला काहीतरी बोलल्या, मग झाली. फाटकापाशी सातारा रस्त्याला लागताना त्यांनी उजवा हात सरळ बाहेर काढला. पुण्यात वळताना हात दाखवणाऱ्या त्या एकट्याच असतील. तो हात मागच्या टेम्पोला होता की आणखी कुणाला, सांगता येणार नाही. मी आपला तो मला दाखवलेला धरला.